डॉ. विष्णु माधव घाटगे

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यांतील हसूरचंपू गांवीं १९०८ सालीं डॉ. घाटगे यांचा जन्म झाला. जर्मनींत गटिंगेन येथें प्रांटल या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखालीं अध्ययन करून ते १९३६ सालीं डॉक्टर झाले. पुढें बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यांत त्यांच्या नेतृत्वाखालीं आखलेलें ‘एचटी-२’ हें शिक्षणविमान १९५१ सालीं व ‘किरण’ हें जेट विमान १९६४ सालीं गगनांत झेपावलें. परंतु किरणचें ‘व्हायपर’ एंजिन विलायती होतें. आपल्या वायुसेनेचीं मालवाहू विमानेंहि आजवर परकीय आराखड्याच्या एंजिनांवरच उडत आलीं आहेत. कारण जळत्या वायूचा दाह अखंड सोसणारीं पातीं घडविणें महाकठीण. डॉक्टरसाहेब १९९१ सालीं निवर्तले. तें अपुरें कार्य आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी शिरावर घेईल काय?