होमी भाभा : गॅमा दुर्बिणींमागचं गणित

डहाणूहून मुंबईकडे निघालं की वाटेत बोईसर लागतं. जवळच तारापूरचं अणुवीज केंद्र आहे. त्यामुळे पालघर जिल्ह्यात होमी भाभा हे नाव अणुऊर्जेशीच जोडलं जातं. पण गॅमा किरण टिपणाऱ्या दुर्बिणींशीही त्यांचं जवळचं नातं आहे.

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत झाला. मुलाने इंजिनीअर व्हावं, ही घरच्यांची इच्छा. त्यासाठी १९२७ मध्ये ते केंब्रिजला गेले. ओढ मात्र भौतिकशास्त्राची होती. इंजिनीअरिंगची परीक्षा पहिल्या वर्गात पास झाल्यावरच तो मार्ग मोकळा झाला.

अंतराळातून येणारे कण वातावरणात शिरले की कणांचे झोत का कोसळतात, हे तेव्हा कोडं होतं. १९३७ मध्ये भाभा आणि वॉल्टर हाइटलर यांनी त्याचं गणित मांडलं. जोरकस गॅमा किरणातून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी तयार होते, त्या कणांतून पुन्हा गॅमा किरण निघतात, आणि ऊर्जा वाटून संपेपर्यंत हे चालू राहतं.

१९३९ मध्ये ते सुट्टीवर भारतात आले आणि महायुद्ध पेटलं. परतणं लांबलं, तेव्हा त्यांनी बंगळूरुत वैश्विक किरणांचं संशोधन सुरू केलं. १९४५ मध्ये टाटा ट्रस्टच्या मदतीने टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी राहिली. २४ जानेवारी १९६६ रोजी आल्प्समधल्या विमान अपघातात त्यांचं निधन झालं. तारापूरची वीज १९६९ मध्ये आली, ती त्यांना पाहता आली नाही.

आता दुर्बिणींकडे वळू. गॅमा किरण जमिनीपर्यंत पोहोचत नाहीत. त्यांच्यामुळे हवेत कोसळणाऱ्या कणांचा झोत क्षणभर निळसर प्रकाश टाकतो, तो या दुर्बिणी टिपतात. अडचण मोजमापाची आहे. ठरावीक ऊर्जेचा गॅमा किरण आकाशातून पाडून दुर्बीण तपासता येत नाही. म्हणून असा झोत संगणकावर घडवतात, त्यातून किती प्रकाश यावा हे काढतात आणि दुर्बिणीच्या नोंदीशी ताडून पाहतात. मग क्रॅब तेजोमेघासारख्या ओळखीच्या स्रोतावर पुन्हा पडताळणी होते. झोताच्या या आकडेमोडीचा पाया १९३७ च्या त्या गणितात आहे.

लडाखमधल्या हानले इथे २१ मीटर व्यासाची ‘मेस’ दुर्बीण हेच काम करते. ती भाभांच्याच नावाच्या अणुसंशोधन केंद्राने उभारली.