जॉन वेस्ली आणि अठ्ठावीस पौंड

नीतिसूत्रांच्या ग्रंथात आगूर नामक पुरुषाने देवापाशी एक विलक्षण मागणे मागितले आहे. दारिद्र्य व संपत्ती ही दोन्ही आपणापासून दूर असावीत, अशी त्याची विनंती. कारण तृप्त मनुष्यास देवाचा विसर पडतो आणि उपाशी मनुष्यास चोरीचा मोह होतो. ही दोन्ही संकटे ज्यांनी जवळून पाहिली, त्या जॉन वेस्ली यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगतो.

वेस्ली यांचा जन्म १७०३ साली इंग्लंडातील एपवर्थ गावी झाला. वडील तेथील पाळक. घरात मुले पुष्कळ आणि डोक्यावर कर्ज. जॉन दोन वर्षांचे असताना वडिलांस कर्जापायी लिंकन येथील तुरुंगात जावे लागले. दारिद्र्याचा जाच त्यांस असा बाळपणीच घडला.

१७२६ साली ते ऑक्सफर्ड येथे फेलो झाले. वार्षिक प्राप्ती ३० पौंड असता ते २८ पौंडांत निर्वाह करीत व २ पौंड गरिबांस देत. पुढे प्राप्ती ६०, ९० व १२० पौंड झाली; तथापि खर्च २८ च राहिला आणि दान ९२ पौंडांवर गेले.

१७३९ साली ब्रिस्टलनजीक किंग्जवुड येथील कोळसा खाणींतील मजुरांस त्यांनी उघड्यावर उपदेश केला. परंतु उपाशी मनुष्यास केवळ उपदेश पुरत नाही, हे ते जाणून होते. म्हणून १७४६ साली लंडनात त्यांनी गरिबांसाठी मोफत औषधे व बिनव्याजी कर्ज यांची सोय केली. गरीब केवळ आळसामुळे गरीब असतात, हा सुखवस्तू लोकांचा समज त्यांनी गरिबांच्या खोल्यांत स्वतः जाऊन खोटा ठरविला.

उतारवयात त्यांस निराळेच दुःख झाले. त्यांचे अनुयायी व्यसने सोडून उद्योगी व काटकसरी झाले. त्यायोगे धन आले, धनामागून गर्व आला आणि भक्ती ओसरू लागली. सद्गुणाचे फळच सद्गुणास मारक होऊ पाहत होते! मिळकत वाढेल तसे दान वाढवावे, हाच त्यांनी सांगितलेला उपाय.

१७९१ साली ते निवर्तले. ग्रंथविक्रीतून मिळालेले हजारो पौंड त्यांनी हयातीतच वाटले होते. आपले शव वाहून नेणाऱ्या सहा गरिबांस प्रत्येकी एक पौंड द्यावा, असे त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेविले होते.

पालकहो, मुलांनी शिकून चार पैसे मिळवावेत, अशी आपली प्रार्थना असते व ती योग्यच आहे. मात्र ते पैसे त्यांस पेलावेत, अशीही प्रार्थना करावी. आणि विद्यार्थ्यांनो, पहिला पगार हाती येण्यापूर्वीच तुमचे अठ्ठावीस पौंड किती, हे ठरवून ठेवा. मागाहून ठरविणे फार कठीण जाते.