गणिताचे अध्यापक, बुद्धिबळाचे जगज्जेते : डॉ. मॅक्स युवे

खेळ की अभ्यास, हा प्रश्न जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरून आमच्या वसतिगृहात आलेली मुले आम्हांस नेहमी विचारतात. अशा वेळी आम्ही त्यांच्यापुढे डॉ. मॅक्स युवे यांचे चरित्र ठेवतो.

युवे यांचा जन्म २० मे १९०१ रोजी हॉलंडमधील अ‍ॅमस्टरडॅमलगत झाला. बुद्धिबळ ते बालपणी घरीच शिकले. १९२६ मध्ये अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठाची गणितातील डॉक्टरेट त्यांनी संपादन केली. पुढे मुलींच्या शाळेत गणित शिकवीत असतानाच त्यांनी खेळाचीही साधना केली. १९२९ मध्ये बुद्धिबळाच्या नियमांचा गणिती विचार करणारा निबंधही त्यांनी लिहिला.

१९३५ मध्ये जगज्जेते अलेखिन यांच्याशी त्यांचा तीस डावांचा सामना झाला. नवव्या डावाअखेर युवे तीन गुणांनी मागे होते. तरीही न खचता १५ डिसेंबर रोजी त्यांनी साडेपंधरा विरुद्ध साडेचौदा गुणांनी जगज्जेतेपद मिळविले. पराभूत अलेखिन यांना त्यांनी पुन्हा खेळण्याची संधी दिली आणि १९३७ मध्ये ते पद गमावले. त्यांची विद्या मात्र कोणी हिरावू शकले नाही. १९६४ मध्ये ते संगणकशास्त्राचे प्राध्यापक झाले. १९७० ते १९७८ या काळात त्यांनी जागतिक बुद्धिबळ महासंघाचे अध्यक्षपद भूषविले. २६ नोव्हेंबर १९८१ रोजी त्यांचे निधन झाले.

आमची अनेक मुले घराण्यातील पहिलीच शिकणारी आहेत. त्यांचा डाव पिछाडीवरूनच सुरू होतो. नवव्या डावाअखेरची ती तीन गुणांची पिछाडी त्यांनी विसरू नये, एवढीच आमची अपेक्षा आहे.