टाळू सांधणारा शल्यविशारद

वेडेवाकडे दात तारा लावून सरळ करणे हा माझा व्यवसाय. दवाखान्यातल्या कपाटात मुलांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे रांगेने मांडलेले आहेत. त्यातला एक साचा हातात घेतला की मला बर्लिनच्या बर्नहार्ड फॉन लँगेनबेक यांची आठवण होते.

साचा दहा वर्षांच्या एका मुलीचा. जन्मतः तिची टाळू दुभंगलेली होती, ती तान्हेपणीच शिवली. मुलगी स्पष्ट बोलते, शाळेत कविता म्हणते. पण वरची दंतकमान अरुंद राहिली आणि वरचे दात खालच्या दातांच्या आत बसतात. टाळू नीट शिवली, मग जबडा असा का, हा तिच्या आईचा प्रश्न.

लँगेनबेक यांचा जन्म १८१० चा. काका गटिंगेनचे नामवंत शल्यविशारद. पुतण्याही तिथेच शिकला. १८४२ मध्ये ते कील येथे प्राध्यापक झाले आणि १८४८ मध्ये डीफेनबाख यांच्या जागी बर्लिनला आले. बिलरोथ, एस्मार्क हे त्यांचेच शिष्य. युद्धांत त्यांनी जखमी सैनिकांवर उपचार केले. जखमेच्या कडा बाजूला धरणारे त्यांच्या नावाचे हत्यार आजही आपल्या ऑपरेशन थिएटरांत ‘लँगेनबेक’ म्हणूनच मागितले जाते.

त्या काळी कठीण टाळूची भेग शिवली, तरी ताणाने टाके उसवत. १८६१ मध्ये लँगेनबेक यांनी यावर तोड काढली. टाळूचे नुसते आवरण न उचलता, हाडाला चिकटलेला पापुद्राही त्यांनी सोबत उचलला. दातांच्या कडेने दोन्ही बाजूंना छेद दिले, पट्ट्या पुढे-मागे जोडलेल्याच ठेवल्या आणि मधोमध आणून शिवल्या. रक्तपुरवठा टिकला, भेग मिटली. घास नाकात जाणाऱ्या, गेंगाण्या बोलणाऱ्या मुलांसाठी हे केवढे वरदान!

पण पट्ट्या मध्ये सरकल्या की कडेचे हाड उघडे पडते. ते व्रणाने भरून येते, व्रण आकसतो आणि वाढत्या दंतकमानीला आत ओढतो. पुढे टाळू मागे ढकलण्याच्या पद्धती आल्या. त्यात हाड आणखी उघडे राहू लागले.

हे ध्यानात यायला मुले मोठी व्हावी लागली. १९५९ मध्ये मेक्सिकोच्या ऑर्टिझ-मोनास्टेरिओ यांनी कधीच शस्त्रक्रिया न झालेल्या प्रौढांच्या चेहऱ्यांची मापे प्रसिद्ध केली. वरचा जबडा छान वाढलेला होता! मग टाळू उघडीच ठेवावी का? जर्मनीतल्या श्वेकेनडीक पिता-पुत्रांनी १९४४ पासून मऊ टाळू आधी आणि कठीण टाळू कित्येक वर्षांनी शिवून पाहिली. जबडे सुधारले, पण अनेकांचे बोलणे बिघडले.

लँगेनबेक १८८२ मध्ये निवृत्त झाले आणि १८८७ मध्ये वीसबाडेनला वारले. हाडाचा कमीत कमी भाग उघडा ठेवण्याची धडपड आजचे शल्यविशारद करतात. तरी बोलणे आणि जबडा यांची ओढाताण पूर्ण संपलेली नाही.

मी त्या आईला सांगितले, की यात तुमची काहीच चूक नाही. वेळेवर टाळू शिवली म्हणून लेक बोलू लागली. अरुंद कमान आता यंत्राने हळूहळू रुंदावू. गरज पडली, तर वाढ पूर्ण झाल्यावर जबड्याची शस्त्रक्रियाही करता येते. मात्र तोवर दरवर्षी साचा घ्यायला या. टाळू एका दिवसात शिवून होते, चेहरा घडायला मात्र अठरा वर्षे लागतात.