विल्यम ट्यूक ह्यांचें घर

इंग्लंडच्या उत्तर भागांत यॉर्क नांवाचें जुनें शहर आहे. तेथें १७३२ सालीं विल्यम ट्यूक ह्यांचा जन्म झाला. धंद्यानें ते चहा-कॉफीचे व्यापारी व पंथानें क्वेकर होते. वैद्यकी ते शिकले नव्हते, स्थापत्यही नाहीं. तरी मनोरुग्णांसाठीं घर कसें बांधावें हा विषय निघाला कीं, ह्या दुकानदाराचें नांव प्रथम घ्यावें लागतें.

१७९० च्या मार्च महिन्यांत हॅना मिल्स नांवाच्या एका क्वेकर विधवेस यॉर्कच्या वेड्यांच्या इस्पितळांत ठेवण्यांत आलें. तिचे आप्त दूर असल्यामुळें त्यांनीं यॉर्कच्या पंथबंधूंस तिची विचारपूस करण्याची विनंती केली. ते गेले, परंतु त्यांना भेट नाकारण्यांत आली. सुमारें सहा आठवड्यांत ती बाई वारली. त्या बंद दाराआड काय घडलें हें कोणासच कळलें नाहीं.

ट्यूक तेव्हां साठीला टेकले होते. आपल्या पंथानें स्वतःचें रुग्णगृह काढावें असा त्यांनीं आग्रह धरला. पुष्कळांस ही कल्पना रुचली नाहीं व पैसाही सावकाश जमला. पण शहराबाहेर ११ एकर जमीन घेण्यांत आली आणि १७९६ सालीं सुमारें ३० रोग्यांचें घर उघडलें. त्यास रिट्रीट, म्हणजे विसाव्याचें स्थान, हें नांव सुचविलें तें ट्यूक ह्यांच्या सुनेनें.

जॉन बेव्हन्स ह्या लंडनच्या स्थापत्यकाराच्या साह्यानें बांधलेल्या ह्या घरांतील खिडक्यांकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. रोगी उडी टाकील ही भीति खोटी नव्हती. गजांवांचून गत्यंतर नव्हतें. तेव्हां खिडकीची चौकटच लोखंडाची केली आणि तिला लांकडी चौकटीचें रूप देऊन तींतच काचा बसविल्या. आंत बसणाऱ्यास दिसे ती साधी खिडकी व पलीकडचा मुलूख. कुलपांचा खडखडाट होऊं नये म्हणून त्यांवर चामडें चढविलें होतें. अंगणाची भिंत सुमारें आठ फूट उंच. परंतु जमीन घरापासून उतरती असल्यामुळें भिंत ठेंगणी भासे व दृष्टि तिच्यावरून दूर जाई. अंगणांत ससे, कोंबड्या, समुद्रपक्षी, ससाणेसुद्धां पाळले होते. त्यांच्याशीं रोग्यांचा सहज लळा जडे. अधूनमधून रोग्यांस चहापानाचें निमंत्रण मिळे, आणि ते ठेवणींतले कपडे घालून येत. (चहाच्या व्यापाऱ्यास हें शोभण्यासारखेंच!)

ही तर रंगविलेली तुरुंगाची भिंत, असें कोणी म्हणेल. हा आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. साखळदंड त्या घरांत नव्हते, तरी हात जखडून ठेवणारे अंगरखे व पट्टे कांहीं रोग्यांच्या वांट्यास येतच. पण गज लपवावे असें ज्यास वाटलें, त्यास आंतल्या माणसाची लाज ठाऊक होती, असें आम्हांस वाटतें.

१८१३ सालीं ट्यूक ह्यांचे नातू सॅम्युएल ह्यांनीं ह्या घराचें सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलें. शहरांतील जुन्या इस्पितळाच्या चालकांस तें झोंबलें, वाद माजला आणि चौकशी सुरू झाली. १८१४ सालीं, जेथें हॅना मिल्स वारली त्याच इस्पितळांत, स्वयंपाकघराजवळ लपविलेल्या चार घाणेरड्या कोठड्या सांपडल्या. आदल्या रात्रीं त्यांत १३ स्त्रिया कोंडलेल्या होत्या.

पुढील वर्षीं ८३ वर्षांच्या ट्यूक ह्यांनीं पार्लमेंटच्या समितीपुढें साक्ष दिली. अखेरच्या काळांत त्यांची दृष्टि गेली, आणि १८२२ सालीं यॉर्क येथेंच ते निवर्तले. त्यांच्या घरांत रोगी ठेवून घेण्याचें काम २०१८ साल संपेपर्यंत चाललें होतें.