जुन्या मोटारीचे पारखी : सर हेन्री रॉइस

जुनी वस्तु विकत घेतांना मनुष्याचे डोळे बहुधा तिच्या बाह्य तकाकीवर खिळतात. तिच्या अंतरंगांत काय चाललें आहे, तें ऐकण्याचा कान फार थोड्यांस असतो. आज पुष्कळ कुटुंबांत रोजच्या जाण्यायेण्यासाठीं एखादी वापरलेली, परंतु आरामशीर मोटार घ्यावी, असा विचार चाललेला दिसतो. वडील मंडळी किंमत विचारतात, मुलें रंग पाहतात, आणि गाडीस टर्बो आहे असें विकणाऱ्यानें सांगितलें कीं सर्वांनाच मोह पडतो. अशा प्रसंगीं ज्यांचें स्मरण व्हावें असे एक गृहस्थ इंग्लंडांत होऊन गेले. त्यांनींही एकदां स्वतःसाठीं एक जुनी मोटार विकत घेतली होती. आणि त्या एका खरेदींतून जगांतील अत्यंत नांवाजलेल्या मोटारीचा जन्म झाला. त्या सर फ्रेडरिक हेन्री रॉइस यांचें चरित्र विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनींही मननपूर्वक वाचण्यासारखें आहे.

हेन्रीचा जन्म ता. २७ मार्च १८६३ रोजीं पीटरबरोजवळील ॲल्वॉल्टन या खेड्यांत झाला. पांच भावंडांत तो सर्वांत धाकटा. बाप जेम्स रॉइस हा पिठाची गिरणी चालवीत असे. परंतु धंदा बुडाला व कुटुंबाची वाताहत झाली. बाप मुलांस घेऊन लंडनला गेला, आणि तेथेंच १८७२ मध्यें दारिद्र्यांत मरण पावला. त्या वेळीं हेन्री अवघा नऊ वर्षांचा होता. ज्या वयांत आपण पाटीदप्तर घेऊन शाळेंत येतों, त्या वयांत हा मुलगा लंडनच्या रस्त्यांवर वर्तमानपत्रें विकीत होता; पुढें तो तारा पोहोंचविणारा पोऱ्या झाला. त्याचें सारें शालेय शिक्षण मोजून वर्षभराचें भरेल, इतकेंच.

१८७८ सालीं त्याच्या एका मावशीनें त्याला हात दिला. वर्षाचे २० पौंड भरून तिनें त्याला पीटरबरो येथील ग्रेट नॉर्दर्न रेल्वेच्या कारखान्यांत उमेदवार म्हणून ठेविलें. दिवसा कारखान्यांत लोखंड कापावें, घांसावें, लेथवर फिरवावें, आणि रात्रीं बीजगणित, फ्रेंच भाषा व विजेचें शास्त्र यांचीं पुस्तकें उघडावींत, असा त्याचा नेम होता. परंतु तीन वर्षांनीं मावशीजवळचा पैसा संपला व उमेदवारी अर्धवट राहिली. कोणतेंही प्रमाणपत्र हातीं नसलेल्या या तरुणास लीड्स येथें एका हत्यारें बनविणाऱ्या कारखान्यांत आठवड्यास ११ शिलिंगांची नोकरी पत्करावी लागली. तेथून तो लंडनला व पुढें लिव्हरपूलला वीजकंपन्यांत गेला. लिव्हरपूलची कंपनीही बुडाली. वयाच्या एकविसाव्या वर्षीं हेन्रीजवळ कामाचा अनुभव होता, शिल्लक २० पौंड होती, आणि पाठीशीं कोणी नव्हतें.

त्या वीस पौंडांवर १८८४ मध्यें त्यानें मँचेस्टरच्या कुक स्ट्रीटवर लहानसा कारखाना थाटला. अर्नेस्ट क्लेरमाँट या मित्रानें ५० पौंड घालून भागीदारी पत्करली. विजेच्या घंटा, दिव्यांच्या टोप्या असल्या बारीकसारीक वस्तूंपासून सुरुवात करून दोघे डायनामो व विजेच्या याऱ्या बनवूं लागले. रॉइस यांची यारी म्हणजे वर्षानुवर्षें बिनतक्रार चालणारी, असा लौकिक झाला. मात्र या लौकिकाची किंमत मोठी होती. रॉइस कामांत गढले म्हणजे त्यांस तहानभुकेचें भान राहत नसे. दुधाचा पेला घेऊन एक मुलगा त्यांच्या मागून फिरत असे, असें सांगतात. पुढें दक्षिण आफ्रिकेंतील युद्धानंतर धंदा मंदावला, स्वस्त परदेशी मालाची स्पर्धा आली, आणि १९०२ सालीं त्यांची प्रकृति पार ढासळली. वैद्यांच्या आग्रहावरून त्यांनीं पत्नीसह दक्षिण आफ्रिकेचा सागरप्रवास केला.

परत आल्यावर त्यांनीं डेकोव्हिल या फ्रेंच कारखान्याची एक वापरलेली मोटार विकत घेतली. तिला दोन सिलिंडर होते व तिची शक्ति दहा घोड्यांची होती. ती पहिल्याच दिवशीं सुरू होईना, म्हणून माणसांकडून ढकलीत न्यावी लागली, अशी एक कथा प्रचलित आहे. परंतु डेकोव्हिल ही त्या काळच्या चांगल्या गाड्यांपैकीं एक होती, हें विसरतां कामा नये. रॉइस यांनीं निवड करण्यांत चूक केली नव्हती. त्यांनीं निवडीपाशींच न थांबतां पुढें पाऊल टाकलें, हेंच त्यांचें वैशिष्ट्य. गाडी खडखडत होती, धक्के देत होती, तापत होती. इतर मालक हा मोटारीचा स्वभावच समजत. रॉइस यांस मात्र प्रत्येक आवाजामागें एक कारण दिसे. त्यांनीं गाडी कारखान्यांत घेतली व तिचे सारे भाग उकलून टेबलावर मांडले. कोठें दांते नीट बसत नाहींत, कोठें ठिणगी वेळेवर पडत नाहीं, कोठें हवा व पेट्रोल यांचें प्रमाण चुकतें, हें एकेक करून पाहिलें. अखेर त्यांच्या मनानें घेतलें कीं, असल्या तीन गाड्या आपण स्वतःच बांधून पाहाव्या.

भागीदारास ही कल्पना रुचण्यासारखी नव्हती. धंदा आधींच अडचणींत होता, आणि चालक जुन्या मोटारीच्या नादीं लागला होता. तरीही काम चालू राहिलें. ता. १ एप्रिल १९०४ रोजीं पहिली रॉइस मोटार कुक स्ट्रीटच्या कारखान्यांतून बाहेर पडली व सुमारे पंधरा मैलांवरील नट्सफर्ड येथें रॉइस यांच्या घरीं बिनबोभाट पोहोंचली. तिच्यांत नवा असा एकही चमत्कार नव्हता. दुसऱ्यांनीं काढलेल्याच कल्पना होत्या, परंतु प्रत्येक भाग जितका नीट करतां येईल तितका नीट केलेला होता.

याच सुमारास चार्ल्स स्ट्युअर्ट रोल्स हा एका उमरावाचा पुत्र लंडनमध्यें मोटारी विकीत होता. केंब्रिजला शिकलेला, धनिक व साहसी असा हा तरुण. दोन सिलिंडरांच्या गाड्या त्याला मुळींच आवडत नसत. ता. ४ मे १९०४ रोजीं मँचेस्टरच्या मिडलंड हॉटेलांत त्याची व रॉइस यांची भेट झाली. एकानें वर्तमानपत्रें विकून पोट भरलेलें, दुसरा सोन्याचा चमचा तोंडांत घेऊन जन्मलेला. परंतु रॉइस यांच्या गाडींत बसून फेरी मारतांच रोल्सचा पूर्वग्रह गळून पडला. रॉइस यांनीं बांधाव्या व रोल्सनें विकाव्या, असें ठरलें. १९०६ च्या मार्चमध्यें रोल्स-रॉइस कंपनी रीतसर स्थापन झाली.

त्याच वर्षीं रॉइस यांनीं सहा सिलिंडरांची नवी मोटार सिद्ध केली. तींतील एक रुपेरी गाडी सिल्व्हर घोस्ट या नांवानें प्रसिद्ध आहे. १९०७ सालीं रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखालीं ही गाडी १५,००० मैल चालविण्यांत आली. त्यांत सलग १४,३७१ मैल ती यंत्राच्या दोषामुळें एकदांही थांबली नाहीं. परंतु याहून महत्त्वाची गोष्ट पुढेंच आहे. चाचणी संपल्यावर गाडीचे भाग उकलून परीक्षकांपुढें ठेवण्यांत आले, व जो भाग किंचितही झिजला असेल तो बदलण्यास सांगण्यांत आलें. सारा खर्च आला दोन पौंड, दोन शिलिंग व सात पेन्स! जुनी गाडी कशी पारखावी याचा हा जणूं वस्तुपाठच होता. किती मैल झाले हा प्रश्न खरा, पण अपुरा. त्या मैलांत आंत काय झिजलें, हा प्रश्न पुरा.

आपल्या महाराष्ट्राशींही या गाडीचा एक संबंध आहे. १९०८ सालीं मुंबई ते कोल्हापूर व परत अशी सुमारे ६२० मैलांची मोटारींची कसोटी झाली. सह्याद्रीचे चढउताराचे घाट ओलांडून पर्ल ऑफ द ईस्ट नांवाच्या रोल्स-रॉइस गाडीनें त्यांत यश मिळविलें. पुढें ती ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनीं खरेदी केली.

मात्र वैभवाबरोबर दुःखही आलें. ता. १२ जुलै १९१० रोजीं रोल्स विमान कोसळून मृत्यु पावला. वय अवघें बत्तीस. लौकरच रॉइस यांस गंभीर दुखण्यानें गांठलें. शस्त्रक्रिया झाली, व वैद्यांनीं थोड्याच महिन्यांचें आयुष्य सांगितलें. त्यांचें संसारसुखही संपलें होतें. तरी एका परिचारिकेच्या शुश्रूषेनें ते त्यानंतर वीस वर्षें जगले. डर्बी येथील मोठ्या कारखान्यापासून दूर, हिवाळ्यांत फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर व एरव्हीं इंग्लंडच्या समुद्रकांठीं राहून, ते नकाशे काढीत व टपालानें धाडीत. त्यांच्या ईगल इंजिनांच्या बळावर १९१९ च्या जूनमध्यें अल्कॉक व ब्राउन हे विमानानें अटलांटिक महासागर न थांबतां ओलांडणारे पहिले वीर ठरले.

१९२९ व १९३१ च्या श्नायडर ट्रॉफीच्या विमानशर्यतींसाठीं रॉइस यांच्या मंडळींनीं केलेलें इंजिन येथें विशेष लक्षांत घेण्यासारखें आहे. इंजिनाची शक्ति त्याला किती हवा मिळते यावर अवलंबून असते. हवा अधिक कोंबली तर इंधन अधिक जाळतां येतें. यासाठीं इंजिनाच्याच दांत्यांवर फिरणारा पंखा बसवितात. त्यास सुपरचार्जर म्हणतात. या योजनेनें मूळ ८२५ अश्वशक्तीच्या इंजिनापासून १९३१ पर्यंत सुमारे २,३५० अश्वशक्ति काढण्यांत आली, आणि त्या वर्षाच्या सप्टेंबरांत विमानानें ताशीं ४०७ मैलांहून अधिक वेग गांठला. मात्र शक्ति वाढली कीं सर्वांत दुबळा भाग आधीं मोडतो. म्हणून इंजिन पूर्ण जोरांत चालवावें, जें मोडेल तें मजबूत करावें, आणि पुन्हां चालवावें, अशी त्या कामाची पद्धत होती.

१९३० मध्यें रॉइस यांस बॅरोनेट ही पदवी मिळाली. तरी स्वतःस साधा यांत्रिक म्हणवून घेण्यांतच त्यांना भूषण वाटे. ता. २२ एप्रिल १९३३ रोजीं, वयाच्या सत्तराव्या वर्षीं, त्यांचें देहावसान झालें. अंथरुणावर पडल्यापडल्या त्यांनीं शेवटीं एका पाकिटाच्या पाठीवर जें चित्र काढलें, तें रस्त्याप्रमाणें कमीअधिक करतां येणाऱ्या शॉक अब्सॉर्बरचें होतें, असें सांगतात. शेवटची चिंता वेगाची नव्हती. गाडींत बसणाऱ्याच्या सुखाची होती.

पुढें काय झालें, तेंही बोधप्रद आहे. इंजिनांतून वायां जाणाऱ्या धुराच्या जोरावरच हवेचा पंखा फिरवावा, ही कल्पना आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्यानें १९०५ मध्यें नोंदविली होती. तोच आजचा टर्बो. १९८२ सालीं रोल्स-रॉइस मोटारींच्या क्रू येथील कारखान्यानें बेंटले नांवाच्या आपल्या चार दारांच्या भारी गाडीस टर्बो बसविला. शक्ति सुमारे दीडपट झाली. पण स्प्रिंगा व शॉक अब्सॉर्बर पूर्वींचेच मऊ राहिल्यामुळें वळणावर गाडी डुलूं लागली. तीन वर्षांनीं तो दोष सुधारावा लागला. मूळ पुरुषाच्या शेवटच्या चित्रांतला धडा कारखान्यास पुन्हां गिरवावा लागला, असें म्हटलें तर चुकीचें होणार नाहीं.

म्हणून जे पालक आज टर्बोची जुनी गाडी घेऊं पाहतात, त्यांनीं क्षणभर रॉइस यांच्या कानानें ऐकावें. गाडी आधीं तापवून ठेवूं नये, असें विकणाऱ्यास कळवावें. थंड इंजिन सुरू होतांना जें बोलतें, तें तापलेलें इंजिन लपवितें. टर्बोची दांडी मिनिटास लाखाहून अधिक फेरे घेते, व तिला तेलाच्या पातळ थराचाच आधार असतो. यास्तव तेल केव्हां केव्हां बदललें याच्या पावत्या मागाव्या, केवळ शब्दावर विसंबूं नये. गाडी कांहीं वेळ उभी चालूं ठेवून मग जोर दिला असतां निळसर धूर आला, किंवा कर्कश शिटी ऐकूं आली, तर सावध व्हावें. खराब रस्त्यावरून हळू नेऊन पाहावी, आणि घरांतील वृद्ध माणसास मागच्या बाकावर बसवून त्याचें मत विचारावें. कारण रोजच्या गाडीचें सुख तेथेंच कळतें. शेवटीं, विकणाऱ्याशीं संबंध नसलेल्या जाणत्या मेकॅनिककडून ती खालून उचलून तपासून घ्यावी. त्याची मजुरी पुढें होणाऱ्या खर्चापुढें कांहींच नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, रॉइस यांस शाळा मिळाली नाहीं, पैसा मिळाला नाहीं, आरोग्यही टिकलें नाहीं. तुम्हांस त्यांच्यापेक्षां कितीतरी अधिक मिळालें आहे. त्यांच्यापासून प्रकृतीची हेळसांड मात्र घेऊं नका. घ्यावयाचें तें एवढेंच, कीं जें काम हातीं येईल त्यांतली खडखड नित्याचीच म्हणून सोडून न देतां तिचें कारण शोधावें, आणि तें सांपडेपर्यंत हातांतलें हत्यार खालीं ठेवूं नये.