लंडनच्या खोलीतील स्वयंपाक आणि मोहनदास गांधी

महात्मा गांधींच्या आहारविषयक प्रयोगांचा उल्लेख झाला की साबरमती आणि सेवाग्राम येथील आश्रम डोळ्यांसमोर येतात. या प्रयोगांचा आरंभ मात्र त्याच्या कितीतरी आधी, लंडनमधील भाड्याच्या खोलीत झाला होता. कायद्याच्या शिक्षणासाठी १८८८ ते १८९१ या काळात तेथे राहिलेल्या मोहनदास यांना प्रथम उपासमार सोसावी लागली आणि पुढे स्वतःचे अन्न स्वतः शिजविण्याचा मार्ग सापडला.

२ ऑक्टोबर १८६९ रोजी पोरबंदर येथे जन्मलेल्या मोहनदास यांचे पितृछत्र १८८५ मध्ये हरपले. भावनगरच्या सामळदास महाविद्यालयात त्यांचे मन रमले नाही. तेव्हा कुटुंबाचे स्नेही मावजी दवे यांनी त्यांना बॅरिस्टर होण्यासाठी विलायतेस पाठविण्याचा सल्ला दिला. थोरले बंधू लक्ष्मीदास यांनी खर्चाचा भार उचलला. मातोश्री पुतळीबाई मात्र साशंक होत्या. विलायतेत मांस आणि मद्य यांवाचून कोणाचे चालत नाही, असे त्यांच्या कानी आले होते. अखेर बेचरजी स्वामी या जैन साधूंच्या समक्ष मद्य, मांस व परस्त्री यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा मोहनदास यांनी घेतली, तेव्हाच आईने अनुमती दिली. मुंबईतील मोढ वाणी समाजाच्या पंचांनी समुद्रगमनास विरोध करून त्यांना वाळीत टाकले. तरीही ४ सप्टेंबर १८८८ रोजी त्यांनी मुंबई बंदर सोडले.

प्रतिज्ञेची कसोटी बोटीवरच सुरू झाली. काटे-चमचे वापरण्याची सवय नव्हती आणि कोणत्या पदार्थात मांस नाही हे विचारण्याचे धाडस होत नव्हते. त्यामुळे बरोबर आणलेल्या मिठाईवर आणि फळांवर ते आपल्या केबिनमध्येच दिवस काढीत. लंडनला पोहोचल्यावर परिस्थिती अधिक बिकट झाली. रिचमंड येथे एका मित्राकडे ते काही काळ राहिले. तेथे सकाळी ओटची लापशी पोटभर मिळे. परंतु दुपारी आणि रात्री पाव, मुरंबा व पालक यांपलीकडे काही नसे. पावाचे दोन-तीन काप संपल्यावर आणखी मागण्याचा त्यांना संकोच वाटे. त्या मित्राने मांसाहारासाठी परोपरीने मन वळविण्याचा यत्न केला, बेंथमचा ग्रंथही वाचून दाखविला. मोहनदास यांच्यापाशी त्याला देण्यासारखे तर्कशुद्ध उत्तर नव्हते. आईला दिलेला शब्द मोडता येत नाही, एवढेच ते सांगू शकत.

पुढे वेस्ट केन्सिंग्टनमधील एका विधवा बाईंच्या घरी त्यांच्या निवासाची सोय झाली. मीठ-मसाल्यावाचून नुसत्या उकडलेल्या भाज्या त्यांच्या घशाखाली उतरत नसत. त्या बाईंच्या दोन मुली आग्रहाने पावाचा एखादा काप अधिक वाढीत, तरीही भूक शमत नसे. शाकाहारी उपाहारगृहाच्या शोधात ते रोज दहा-बारा मैल पायपीट करू लागले. अखेर फॅरिंग्डन स्ट्रीटवर तसे एक उपाहारगृह सापडले. दाराजवळच्या काचेआड विक्रीसाठी ठेवलेले, हेन्री सॉल्ट यांनी शाकाहाराच्या समर्थनार्थ लिहिलेले पुस्तक त्यांनी एक शिलिंग देऊन घेतले आणि आत जाऊन विलायतेतील पहिले पोटभर जेवण केले.

या पुस्तकाने त्यांच्या मनात मूलभूत बदल घडविला. तोवर ते केवळ प्रतिज्ञेपोटी मांस वर्ज्य करीत होते. भारतीयांनी बलवान होण्यासाठी मांस खावे, हा किशोरवयात एका मित्राच्या नादाने रुजलेला विचार पुसला गेला नव्हता. सॉल्ट यांचे विवेचन वाचल्यावर मात्र शाकाहार ही त्यांची स्वतःची निवड झाली.

याच सुमारास सभ्य इंग्रज गृहस्थ होण्याचा ध्यासही त्यांनी घेतला होता. बाँड स्ट्रीटवर दहा पौंड खर्चून शिवलेला पोशाख, एकोणीस शिलिंगांची उंच टोपी, नृत्याचे वर्ग, व्हायोलिनची शिकवणी असा तो थाट होता. सुमारे तीन महिन्यांत हा मोह ओसरला. पै-पैचा हिशेब लिहिण्याची त्यांची सवय होती. तो हिशेब पाहताना भावाच्या पैशावर आपण हे सारे करीत आहोत, याची बोच त्यांना लागली.

खर्च निम्म्यावर आणण्याचा निश्चय करून त्यांनी कुटुंबात राहणे सोडले आणि स्वतंत्र खोल्या घेतल्या. वाहनाचे भाडे वाचावे म्हणून कामाच्या ठिकाणी चालत जाता येईल अशीच जागा ते निवडीत. पुढे दोन खोल्याही त्यांना अधिक वाटू लागल्या. मग एकच खोली घेऊन त्यांनी स्टोव्ह विकत आणला आणि सकाळची न्याहारी घरीच करण्यास आरंभ केला.

हा स्वयंपाक अगदी साधा होता. ओटची लापशी शिजवायची आणि कोकोसाठी पाणी उकळायचे. या साऱ्यास जेमतेम वीस मिनिटे लागत. दुपारचे जेवण बाहेर होई आणि रात्री पुन्हा पाव व कोको. अशा रीतीने रोजचा खर्च एक शिलिंग तीन पेन्सवर आला. म्हणजे आठवडाभराच्या जेवणास नऊ शिलिंगही लागत नसत. हाच त्यांच्या कसून अभ्यासाचा काळ होता. लंडन विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत लॅटिनमध्ये एकदा अपयश आल्यावर १८९० मध्ये ते उत्तीर्ण झाले.

स्वतः शिजवू लागल्यावर जिभेचीही परीक्षा सुरू झाली. घरून मागविलेली मिठाई आणि मसाले त्यांनी बंद केले, चहा-कॉफी सोडली. रिचमंडला बेचव वाटलेला उकडलेला पालक आता त्यांना रुचू लागला. चवीचे मूळ जिभेपेक्षा मनात असते, या निष्कर्षाप्रत ते आले. काही दिवस त्यांनी अंडीही खाऊन पाहिली. परंतु आईच्या दृष्टीने अंडे हे मांसच, हे ध्यानी येताच ती वर्ज्य केली. प्रतिज्ञेचा अर्थ ती घेणाऱ्याने सोयीने लावावयाचा नसतो, अशी त्यांची धारणा झाली.

या काळातील एक स्नेही म्हणजे गुजराती लेखक नारायण हेमचंद्र. मोहनदास त्यांना इंग्रजी शिकवीत आणि दोघे अनेकदा एकत्र जेवत. मोहनदास यांनी इंग्रजी पद्धतीने केलेले गाजराचे सूप हेमचंद्रांना मुळीच आवडले नाही. त्यांनी कोठून तरी मूग मिळविले आणि डाळ शिजवून मित्राकडे आणली. मोहनदास यांनी ती चवीने खाल्ली. तेव्हापासून एकमेकांसाठी काही शिजवून नेण्याचा परिपाठच पडला.

इनर टेंपल या संस्थेच्या नियमानुसार प्रत्येक सत्रात किमान सहा भोजनांना उपस्थित राहावे लागे. तेथेही एका शाकाहारी पारशी विद्यार्थ्यासह अर्ज करून त्यांनी वेगळ्या भोजनाची व्यवस्था करून घेतली. लंडन व्हेजिटेरियन सोसायटीच्या कार्यकारिणीवर ते निवडले गेले. बेजवॉटर भागात त्यांनी शाकाहारी मंडळ स्थापिले. जोसाया ओल्डफील्ड त्याचे अध्यक्ष, कवी एडविन आर्नल्ड उपाध्यक्ष आणि मोहनदास चिटणीस होते. १८९१ मध्ये भारतीयांच्या आहारावरील त्यांचे लेख ‘द व्हेजिटेरियन’ या पत्रात प्रसिद्ध झाले. पाव मागण्यास संकोचणारा विद्यार्थी अशा रीतीने सार्वजनिक कार्याचे पहिले धडे गिरवीत होता.

१० जून १८९१ रोजी ते बॅरिस्टर झाले आणि १२ जूनला मायदेशी निघाले. मुंबईत उतरल्यावर त्यांना कळले, की आईचे निधन झाले आहे. परदेशी एकट्याने हा आघात सोसावा लागू नये, म्हणून बंधूंनी ती वार्ता दडवून ठेवली होती. जिच्यासाठी तीन वर्षे शब्द पाळला, तिला तो पाळल्याचे सांगण्याची संधी त्यांना मिळाली नाही.

लंडनची सवय मात्र सुटली नाही. राजकोटच्या घरी त्यांनी लापशी आणि कोको सुरू केला. चहा-कॉफीच्या जागी ही योजना होती, प्रत्यक्षात खर्चात तेवढी भर पडली. मुंबईत वकिलीची उमेदवारी करताना स्टोव्ह आणून रविशंकर या स्वयंपाक्याबरोबर निम्मा स्वयंपाक ते स्वतः करीत. दक्षिण आफ्रिकेतील फिनिक्स वसाहत आणि टॉल्स्टॉय फार्म, नंतर भारतातील आश्रम, या सर्व ठिकाणी स्वयंपाकघर हे सामुदायिक शिक्षणाचे अंग बनले.

१९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले असता व्हेजिटेरियन सोसायटीच्या सभेत गांधीजींनी भाषण केले. त्या वेळी वृद्ध हेन्री सॉल्ट तेथे उपस्थित होते. पुढे १९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमधील कारावासात त्यांनी आरोग्यविषयक पुस्तक लिहिले, तेव्हाही आहार हा त्यातील एक प्रमुख विषय होता.